ड्रायरचं गाऱ्हाणं

मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी काय माती खाल्ली ते ऐकताना तुम्हाला उगाच माझी दया यायला नको.

मी नंदू. अंधेरीला मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात सव्वीस वर्षं फिटर आहे. आमच्याकडे हॉस्पिटलच्या खाटा आणि सलाइनचे स्टँड पावडर कोटिंगला येतात. लोखंडावर रंगाची पूड हवेच्या गनने मारायची आणि भट्टीत भाजायची, एवढंच काम. गाळा सुगंधाताईचा. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले विकून टाक, तर बाईने उलट दुसरी भट्टी घेतली. आम्ही दोघं एकाच तालुक्यातले, कुडाळकडचे. ती मला नंदूदादा म्हणते, आणि गाळ्यात काहीही अडलं की तिचं एकच वाक्य असतं: नंदूदादाने सांगितलं ना, मग झालं.

यंदा त्या हवेनेच आमची वाट लावली. कॉम्प्रेसरमधून येणाऱ्या हवेत पाणी असतं. ते गनमधून पुडीबरोबर बाहेर यायचं आणि भट्टीतून निघालेल्या खाटेवर ह्या एवढाल्या पुटकुळ्या. दोन लॉट परत आले. गिऱ्हाइकाने सांगितलं, सोमवारी सकाळी स्वच्छ नमुना दाखवा, नाहीतर रामराम. ते काम गेलं असतं तर आम्ही आठही जण घरी बसलो असतो. म्हणून ताईने ड्रायर मागवला. ड्रायर म्हणजे हवेचा फ्रिजच म्हणा ना. गरम हवा आत जाते, थंड होते, पाणी खाली गळतं आणि कोरडी हवा पुढे येते.

गुरुवारी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. श्रुतिका म्हणून मुलुंडची एक पोरगी. तिने ताईला बजावलं, मशीन उभंच आणा, आडवं करू नका. ताईने मला बजावलं. मी म्हटलं, "माझ्यावर सोड."

शुक्रवारी दहाला टेम्पो आला आणि सामानाची लिफ्ट बंद. लिफ्टवाला म्हणाला, तीन वाजता चालू होईल. ताईने कॅलेंडर बघून बारा दहाचा मुहूर्त काढला होता आणि ती हार-नारळ आणायला गेली होती. मी तिला फोन करायला हवा होता. केला नाही. मी आणि आमचा हमाल धोंडू, दोघांनी खोका जिन्याने घेतला.

पहिल्या मजल्याच्या वळणावर खोका अडकला. उभा काही वळेना. मग काय, घातला आडवा. लेथ, ड्रिल, भट्टीचा पंखा, सगळं मी असंच वर आणलंय आणि एकाही मशीनने तक्रार केली नाही. धोंडूला दम लागला होता, म्हणून आडव्या खोक्यावरच ग्लास ठेवून आम्ही चहा घेतला. वीसेक मिनिटं सहज गेली असतील.

वर नेऊन उभा केला तेव्हा खोक्याच्या बाजूला एक स्टिकर दिसलं. मधला पांढरा ठिपका लाल झाला होता. खाली लिहिलेलं, ठिपका लाल असेल तर मशीन आडवं झालेलं आहे. म्हणजे कंपनीने माझ्यामागे हेर लावला होता. असा राग आला मला! ते स्टिकर नखाने सोललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. मग धोंडूकडे बघितलं. धोंडू आपल्या चपलेकडे बघत होता.

साडेअकराला श्रुतिका आली. पंचविशीची असेल, पाठीवर तिच्याएवढी बॅग. तोवर मी खोका फोडून मशीन भिंतीला छान चिकटवून ठेवलं होतं. आल्या आल्या तिने सुरुवात केली.

"काका, जरा एक हात पुढे घ्या ना. मागच्या जाळीतून याला हवा लागते. भिंतीला टेकवलं तर तापून बंद पडेल."

मी पुढे ओढलं. मग तिने बॅगेतून फॉर्म काढला, आणि ताई, धोंडू, गनवाला डेल्रॉय, सगळ्यांच्या देखत पहिला प्रश्न मलाच विचारला.

"आणताना मशीन आडवं झालं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की ना, काका? कारण इथे एक स्टिकर असतं..."

"अगं, नंदूदादाने सांगितलं ना, मग झालं," ताई म्हणाली. ती हाराची पुडी सोडत होती, तिने वर बघितलंही नाही. पोरगी लिहिता लिहिता थांबली, फॉर्म बॅगेवर ठेवला आणि वायर तपासायला लागली.

माझं कामात लक्ष लागेना. थोड्या वेळाने मी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा झालं आडवं, तर काय होतं गं?"

"याच्या आतही एक छोटा कॉम्प्रेसर असतो काका, फ्रिजसारखा, बंद डब्यातला. आडवं केलं की त्याचं तेल पाइपात जातं. तसंच चालू केलं तर तो कोरडा फिरतो आणि जाम होतो. मग नवीन मशीन यायला तीन आठवडे."

तीन आठवडे, आणि नमुना सोमवारी. पुढे विचारलं असतं तर चोर तिथेच पकडला गेला असता, म्हणून मी तोंड मिटून बाजूला झालो. आता सांगावं तर ताईसमोर खोटा पडतो, न सांगावं तर मशीन मरतं. मी मनात म्हटलं, लेथ मेला नाही, हेही नाही मरणार. स्वतःला इतकं मूर्ख कधी बनवलं नव्हतं.

बाराला ताईने पूजा मांडली. मशीनला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार थेट जाळीवर चढवला. श्रुतिकाने तो हळूच काढून कॉम्प्रेसरच्या टाकीला घातला. "जाळीवर नको, पंखा आत ओढून घेईल." ताई हसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती.

आता आमच्या गाळ्याची रीत सांगतो. नवीन मशीन आलं की वयाने मोठा माणूस नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगणं करतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग त्यानेच नारळ फोडायचा आणि त्यानेच बटण दाबायचं. तो माणूस मी. डेल्रॉय मरोळ गावठाणातला, घरी येशूची तसबीर, पण "व्हय म्हाराजा" त्याच्याइतकं दणक्यात कोणी म्हणत नाही.

मी नारळ उचलला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या गाळ्यात नवीन मशीन इलेला असा, तेची पूजा तुझ्या लेकरांनी मांडल्यानी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या मशीनाक येश दी. हय काम करणाऱ्या सगळ्यांच्या हातापायांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कळत नकळत कोणाकडसून काय चूक झाली असात..."

आणि मी अडलो. हे वाक्य मी शंभर वेळा म्हटलंय. पुढचं पाठ आहे, ती पोटात घाल म्हणायचं आणि नारळ फोडायचा. पण खिशातलं स्टिकर छातीला टोचत होतं. समोर ताई डोळे मिटून, हात जोडून उभी. नवरा गेल्यावर ती कशी उभी राहिली ते मी बघितलंय. देवाला फसवता येईल की नाही ते मला माहीत नाही, पण डोळे मिटलेल्या माणसाला फसवणं मला जमलं नाही.

"चूक झाली असा रे म्हाराजा," मी म्हटलं. "कळत नाय, नकळत नाय, जाणून केलेली असा. ह्या नंदून मशीन जिन्यात आडवा घातल्यान, आणि इचारल्यार नाय म्हणान सांगल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," डेल्रॉय सवयीने गरजला आणि मग त्याने जीभ चावली.

मी स्टिकर काढून पूजेच्या ताटात ठेवलं. ताईने डोळे उघडले. तो लाल ठिपका कुंकवाच्या शेजारी पडला होता.

"आत्ता तुझ्या शब्दावर मी त्या पोरीला गप्प केलं, नंदूदादा."

"माहितेय."

"स्टिकर का काढलंस?"

"लाज वाटली."

"आडवं घातल्याची?"

"तसं नाही. वीस-पंचवीस वर्षांची पोर मला विचारणार, याची."

"खोक्याचं दुसरं टोक मी धरलेलं हां," धोंडू मागून म्हणाला.

श्रुतिकाने मात्र ना डोळे मोठे केले ना आवाज चढवला. घड्याळात बघितलं. "वर आणून उभं कधी केलंत?"

"अकराला."

"मग उद्या अकरानंतर चालू करू. चोवीस तास उभं राहिलं की तेल आपल्या जागेवर येतं."

"एवढंच?"

"एवढंच, काका. अजून चालू केलंय कुठे आपण? काही बिघडलेलं नाही. पाइपाचं काम आजच उरकून टाकू."

मी स्टुलावर बसलो. एक दिवस थांबायचं होतं फक्त, आणि त्यासाठी मी सव्वीस वर्षं पणाला लावली होती. हसू की रडू कळेना, पण छातीवरचा धोंडा उतरला होता एवढं नक्की.

"नारळ फोड आता," ताई म्हणाली. "गाऱ्हाणं अर्धं ठेवू नये." मशीनच्या वायरींपासून लांब, उंबऱ्यावर फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं.

दुपारी मी पाइपाला हात घातला. कॉम्प्रेसर बंद केला, मेन स्विचला कुलूप लावून चावी खिशात ठेवली, टाकीतली हवा सोडून दिली. जॉइंटला पाना लावला तोच ताई बाजूला येऊन उभी राहिली.

"हवा सोडलीस?"

"सोडली."

एरवी ती तिथूनच वळली असती. आज वळली नाही. मी म्हटलं, "टाकीचा काटा बघ, शून्यावर आहे." श्रुतिका म्हणाली, काटा कधी अडकतोही, लाइनवरचा नळ उघडून दाखवा. उघडला. फुस्स नाही की काही नाही. लाइनमध्ये हवा राहिली असती तर सुटलेला पाइप थोबाडावर आला असता, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी दाखवलं. ताईने मान हलवली आणि गेली. ती तपासायला आली हे मला लागलं. पण खरं सांगू, बरंही वाटलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही फिल्टर बसवला, पाणी जायला नळी बादलीत सोडली, आणि ड्रायर कधी बंद पडलाच तर हवा बाजूने वळवायला वेगळी लाइन आणि व्हॉल्व्ह टाकला. पोरीचा हात साफ आहे. हे मी तिला सांगितलं नाही, पण आहे. त्या रात्री मी घरी जाऊन दोन ताटं जेवलो आणि घोरलो, असं बायको म्हणते.

शनिवारी साडेअकराला तिने मलाच बटण दाबायला लावलं. आधी फक्त ड्रायर. दहा मिनिटं आम्ही सगळे त्याच्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत उभे. एकतीस, बावीस, अकरा, चार. आतून फ्रिजसारखी घरघर, बाकी काही खडखड नाही. मग कॉम्प्रेसर चालू केला आणि मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. थोड्या वेळाने नळीतून बादलीत टप्पकन थेंब पडला. मग दुसरा. वर्षभर आमच्या खाटांवर जे पाणी बसत होतं ते आता बादलीत पडत होतं.

"झकास," डेल्रॉय म्हणाला आणि गन उचलली.

भट्टीतून नमुन्याचा पत्रा निघाला, निवला. ताईने त्यावर तळहात फिरवला. मग चष्मा लावून परत फिरवला. एक पुटकुळी नाही. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, लपवत नाही.

चहा आला. श्रुतिकाने फॉर्म ताईकडे दिला आणि ताई मोठ्याने वाचायला लागली.

"अर्थिंग केलेलं आहे?"

"व्हय म्हाराजा," डेल्रॉय म्हणाला. झालं, सगळ्यांनाच चेव आला.

"आधी ड्रायर, मग कॉम्प्रेसर, हे समजावून दिलं?"

"व्हय म्हाराजा."

"ड्रायर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबल्याशिवाय परत चालू करणार नाही?"

"व्हय म्हाराजा." श्रुतिकाला हसताना ठसका लागला, धोंडूने तिला पाणी दिलं.

ताईने कागद माझ्यापुढे सही करायला ठेवला. मी पेन घेतलं आणि बघितलं, तर वरचा पहिलाच रकाना कोरा.

"ताई, एक राहिला."

"राहू दे रे. मशीन चाललं ना."

"नको. वाच."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा लावला.

"आणताना मशीन आडवं झालं होतं का?"

या वेळी कोणी ओरडलं नाही. डेल्रॉयनेही चहाच्या ग्लासात तोंड घातलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

ताईने रकान्यात खूण केली. श्रुतिकाने विचारलं, काकांनी काल अकरा सांगितले, म्हणजे उभं साडेचोवीस तास लिहू ना? नीट मोजून बघायला ती फोन काढत होती.

"लिही गं," ताई म्हणाली. "नंदूदादाने सांगितलं ना, मग झालं."