तीन सेकंदांचा राग

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. काचेला तडा गेला, दोरी कुजली. राग मात्र शाबूत आहे.

कारखान्यात माझी पुन्हापुन्हा तपासणी झाली होती. खोटे बोलणे मला ठाऊकच नव्हते. पुढे मी धावणे शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या गळ्यात आले. रोज ते मला रुमालाने पुसत आणि मिरवत, "माझं घड्याळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

मग स्पर्धेसाठीच्या निवडीची ती दुपार आली. माती तव्यासारखी तापली होती. मास्तर एकेकीला धाववून वेळ घेत होते. त्यांच्या पुतणीचे झाले. मग इस्त्रीवालीची मुलगी धावली. तिला सगळे खारूताई म्हणत. ती रेषा ओलांडून थांबली, तरी मास्तरांनी बटण दाबले नाही. तीन सेकंद गेले. मग दाबले.

"थोडक्यात हुकलं, पोरी."

"मास्तर, तुम्ही उशिरा दाबलंत."

"घड्याळ खोटं बोलतं का?"

निवड पुतणीची झाली. मला तोंड असते तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

खारूताईने मैदान सोडले नाही. थंडीत तोंडातून वाफा निघत. आईच्या स्वेटरमध्ये ती आधी अंग गरम करी, मग तो कुंपणावर टाकून सुटे. उन्हाळ्यात ती हळूहळू दुपारच्या उन्हाला सरावली. हातातली इस्त्री टाकून आई बाटली घेऊन उभी राही. मुलगी न थांबता पुढे गेली, की ओरडे, "आधी पाणी, मग सूड!"

पुढच्या वर्षी खारूताई सगळ्यांदेखत म्हणाली, "या वेळी सगळ्यांना एकत्र पळवा." मास्तरांना नाही म्हणता येईना.

खारूताई रेषेवर पोचली तेव्हा पुतणी अर्धा फेरा मागे होती. ती मास्तरांशेजारी येऊन उभी राहिली. "दाबा की, मास्तर. सावकाश दाबा. मला घाई नाही."

मैदान हसले. मास्तरांनी मला दगडावर आपटले. दुखले खूप, पण त्याहून सुख जास्त झाले. खारूताईने मला उचलून घरी नेले.

आता ती मुलींना धावणे शिकवते आणि मी तिच्या खिडकीतल्या खिळ्यावर असते. एका दुपारी थकलेले मास्तर फाटकाशी आले. "माझ्या नातीला शिकवशील?"

"थांबा, मी धावून येते," म्हणून ती गेली. तासाभराने परतली, पाणी प्यायली, घाम पुसला.

"नातीला उद्यापासून पाठवा. तिची वेळ मी घेईन, आणि खरी घेईन. तुम्ही मात्र फाटकाबाहेर थांबायचं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना धूळ आणि ओल यांपासून जपा. पण त्याहून मोठी विनंती अशी, की तुमचे खोटे आमच्या नावावर खपवू नका.

मास्तर रोज नातीला सोडतात आणि फाटकाबाहेर उन्हात उभे राहतात. नात छान धावते. आणि मास्तरांची, खोटे कशाला सांगू, मला अजिबात दया येत नाही.