आपलं सोडून बोला

नगराध्यक्षाबाईंना अख्खं शहर पूलबाई म्हणायचं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. निवडून आल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी नवरानवरीला आशीर्वाद देऊन झाला की गाडी पुलावर यायची. विषयही तसाच होता म्हणा. नदीवरचा जुना पूल गाड्यांना बंद होऊन वर्षं लोटली होती, आणि यंदा दुरुस्तीला पैसा आला नाही तर पायी जाणाऱ्यांनाही तो बंद करावा लागेल, असं अभियंते सांगत होते. म्हणजे पलीकडचं अर्धं शहर तुटलंच. त्या अर्ध्या शहरात बाईंच्या थोरल्या भावाची बेकरी होती.

पैसा मागण्याची आजवरची तऱ्हा मोठी गमतीची होती. देशभरातली शहरं दरवर्षी राजधानीत जायची आणि प्रत्येक जण आपलंच रडगाणं गायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पैसा वाटणारी समिती सगळ्यांचं ऐकून घ्यायची, ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती एक कोनशिला ठेवायची, आणि बाकीचे त्याच्या नावानं बोटं मोडत घरी जायचे. बाईंच्या शहरात तर एकाच पुलाच्या दोन कोनशिला होत्या. दोन्हींवर कबुतरं बसत.

शेवटी वैतागून सगळ्या शहरांनी आघाडी केली. मागणी एकच. पूल, नळ, रस्ते, बंदरं यांच्यासाठी देशाचा एक कायमचा निधी हवा, आणि ज्याची अवस्था सर्वांत वाईट त्याचं काम आधी. नियमही एकच, पण भलताच जाचक. समितीपुढे स्वतःच्या शहराबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, जे नाव येईल त्या शहरात जाऊन राहायचं आणि त्याचं गाऱ्हाणं मांडायचं. हा नियम खुद्द बाईंनी सुचवला होता. सुचवताना त्यांना आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, ते चिठ्ठ्या उघडेपर्यंत टिकलं.

बाईंच्या वाट्याला डोंगरातलं गंजक्या नळांचं शहर आलं, आणि त्यांचा पूल गेला कप्तानाकडे. कप्तान म्हणजे बंदराच्या शहराचा नगराध्यक्ष. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं, तरी सगळे त्याला कप्तानच म्हणत. त्याच्याशी बाईंचा उभा दावा होता. मागच्या खेपेला बाईंच्या तोंडचा घास त्यानंच पळवला होता.

ही बातमी दादाला सांगितली तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," तो म्हणाला. "आपला पूल पडायला आलाय आणि तू चाललीस लोकांचे नळ बघायला. आणि आपली बाजू कोण मांडणार, तर तो?"

कप्तान पूल पाहायला आला तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे नकाशे पसरले, अहवाल ठेवले. त्यानं दोन जांभया दिल्या आणि उद्या बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात फिरकलाच नाही. चौकशी केली तर कळलं, साहेब पहाटेपासून दादाच्या बेकरीत बसलेत, पाव खाताहेत. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नियम आपलाच, सांगता कुणाला?

त्या मुकाट्यानं डोंगरात गेल्या. तिथं प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. नळाचं तांबूस पाणी त्यांत भरायचं, गंज तळाला बसू द्यायचा आणि वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. घाईनं बरणी हलली की पुन्हा वाट पाहायची. ज्या घरी बाई उतरल्या होत्या तिथली सून तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन बरणीकडे बघत उभी असायची. तिला पाहून बाईंना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं आपल्याला फक्त पूलच दिसत होता.

समितीपुढे बाई त्या बरण्यांबद्दल बोलल्या, त्या सुनेबद्दल बोलल्या, आणि असं बोलल्या की पेंगणारे सदस्यही सरसावून बसले. समितीचे अध्यक्ष जुने खेळाडू होते. त्यांनी शांतपणे चष्मा काढला. "बाई, हे दुसऱ्यांचं झालं. तुमच्या पुलाची मला कल्पना आहे. तो मी माझ्या अधिकारात आजच मंजूर करतो. कायमच्या निधीचं पुढं कधीतरी बघू."

ज्याच्यासाठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं, तो पूल समोर टेबलावर येऊन पडला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. बाईंना डोळ्यांपुढे दादा दिसला, आणि मग खिडकीतली बरणीही दिसली.

"साहेब, मी नळांबद्दल बोलायला आलेय," त्या म्हणाल्या. "पुलाबद्दल कप्तान बोलतील."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. कप्तान उठला तसे अध्यक्ष त्याच्याकडे वळले आणि त्याला बंदराच्या रस्त्याचं तेच आमिष दाखवलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. आलेली गोष्ट कप्तानानं कधी परत पाठवल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

कप्तान घोटभर पाणी प्यायला. "माझ्या बंदराचं मला विचारू नका, ते ज्यांच्याकडे आहे ते सांगतील," तो म्हणाला. "मी पाव वाहून आलोय, तेवढं सांगतो." मग त्यानं सांगितलं. बेकरीची गाडी पुलाच्या पलीकडेच थांबते. पावाचे ट्रे उतरवून माणसं ते डोक्यावर घेऊन पूल ओलांडतात आणि अलीकडच्या गाडीत भरतात. त्यानं स्वतः ट्रे उचलले होते. मध्यावर पायाखाली पूल हलला तेव्हा त्याला होडीतल्यासारखं मळमळलं, आणि मागून येणारा बेकरीवाला म्हणाला, थांबू नका साहेब, थांबलं की जास्त हलतो. त्याच पुलावरून पोरं शाळेत जातात, असं सांगून कप्तान खाली बसला.

मग मात्र अध्यक्षांचं काही चाललं नाही. एकामागून एक शहर उठलं आणि प्रत्येकानं दुसऱ्याचंच मागितलं. फोडायचं कुणाला? संध्याकाळी समितीनं कायमच्या निधीची एकमतानं शिफारस केली. पहिलं काम नळांचं. पूल तिसरा, पण यंदाच.

बाहेर येऊन बाईंनी दादाला फोन लावला. लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आज पूल एकट्यासाठी मिळत होता आणि आपण तो सोडला, हे त्यांनी आधी सांगितलं. निकालाचं नंतर.

बाईंना वाटलं, आता हा तोंडसुख घेणार.

"घेतला असतास, तर पूल झाला असता गं," दादा म्हणाला. "पण त्या कप्तानाला मी काय तोंड दाखवलं असतं? माणसानं माझे ट्रे वाहिलेत."

मग घसा खाकरून तो म्हणाला, पुढच्या वेळी तुला कुठलं शहर येतंय ते कळलं की सांग, पाव बांधून देतो.