श्वासाची जागा

आमचे बाबा घरात कधी भांडी घासत नसत. "नखं मऊ पडतात," म्हणायचे. गिटार वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताची नखं वाढवलेली असतात, तारेवर त्यांचाच आवाज पडतो, हे सगळं खरं. पण बाबांची नखं जरा जास्तच सोयीची होती. जड पिशवी दिसली की नखं, झाडू दिसला की नखं. आई म्हणायची, "लग्न ठरवताना कुणी सांगितलं नाही, नवऱ्याबरोबर त्याची नखंही सांभाळावी लागतील म्हणून."

चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत आले. सकाळी स्टुडिओतून फोन यायचा, बाबा गिटारची पेटी उचलून निघायचे, सांगतील ते वाजवायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. गाणं कुणाचं, कशातलं, हे पुष्कळदा त्यांना ठाऊकही नसायचं. शेजारच्या काकांची कित्येक वर्षं समजूत होती की बाबा वायरमन आहेत, कारण त्यांच्या पिशवीतून कायम वायरी लोंबायच्या. बसमध्ये नाहीतर न्हाव्याच्या दुकानात एखादं गाणं लागलं की बाबा माझ्या बरगडीत कोपर मारायचे. "ऐक, व्हायोलिनच्या मागे. ते टुंग झालं ना, तो मी." मला व्हायोलिनच ऐकू यायचं. मी मान डोलवायचे.

पाहुणे आले की हमखास कुणीतरी म्हणायचं, "गिटार वाजवता ना, मग ते अमुक गाणं होऊन जाऊ दे!" बाबा मनापासून वाजवायचे, म्हणजे त्या गाण्यातला आपला वाटा. झुकझुक, झुकझुक, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत झुकझुक. पाहुणे एकमेकांची तोंडं बघायचे. मग आई हात पुसत, चाल गुणगुणत बाहेर यायची आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

आईचा आवाज साधा होता, थोडा जाडसर. तालाशी तिचं फारसं सख्य नव्हतं. जिथे श्वास घेऊ नये नेमका तिथेच घ्यायची आणि ओळीच्या शेवटी रेंगाळायची. तिचं एक खास गाणं होतं, लहानपणी तिच्या मावशीने शिकवलेलं. कपड्यांच्या घड्या घालताना म्हणायची. मी त्याच गाण्यावर झोपले, आजारी पडले, बरी झाले. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "अगं, पुन्हा थांबलीस. तिथे थांबायचं नसतं." आई म्हणायची, "तुमच्या स्टुडिओत नसेल. माझ्या घरात असतं."

मग तिचा घसा बसला तो बसलाच. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "जाऊ दे. तसंही घरात माझं ऐकतं कोण?" मी हसले आणि लगेच रडले. बाबा उठून बाहेर गेले.

घरी आल्यावर चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "तुझं गाणं भरून घेऊ या. ऑपरेशनच्या आधी."

"माझं? आणि स्टुडिओत?" आई म्हणाली. "लोक हसतील हो."

"हसू देत."

तिचा आवाज तेव्हा सकाळी थोडा वेळ उघडायचा, नंतर नुसती खरखर. म्हणून सकाळची वेळ ठरली. रेकॉर्डिस्ट काका बाबांचे जुने दोस्त. त्यांनी आईला गायकाच्या छोट्या खोलीत उंच स्टुलावर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. बाबा दुसऱ्या खोलीत गिटार घेऊन, आणि काका आणि मी काचेमागे. "वहिनी, बटण दाबल्याशिवाय माझं बोलणं आत येत नाही," काका म्हणाले, "तेव्हा खुणा लक्षात ठेवा." अंगठा वर म्हणजे झकास. हवेत बोट गोल फिरवलं की पुन्हा एकदा. आईने दोन्ही खुणा करून दाखवल्या आणि लाजून हसली.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. आधी गायक एकदा कच्चं गातो, त्याला गाइड म्हणतात. तो आवाज वाजवणाऱ्याच्या कानात सोडतात, त्याच्या आधाराने वाजवणारा आपलं वाजवतो, आणि मग त्या वाजवण्यावर गायक खरं गाणं गातो. बाबा ज्या काळात घडले तेव्हा टेपवर जागा मोजकी असायची. गाइडवर ती कुणी वाया घालवत नसे.

"गाइड भरून घेऊ का रे?" काकांनी विचारलं.

"गाइड कशाला भरतोस? कानात सोड फक्त," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं देत आलेलं उत्तर. विचार करायची गरजच नव्हती.

आईला ठोक्यासाठी कानात टकटक लावून दिली होती. पहिल्याच ओळीला ती टकटकीच्या पुढे पळाली, मग मागे राहिली. बाबा म्हणाले, "बंद कर ते. मी तिच्या मागून जातो." आणि आई गायला लागली. काय सांगू! खोकला नाही, खरखर नाही. घड्या घालताना गायची तशीच गायली, आजूबाजूला कुणी नसल्यासारखी. नेहमीच्याच चुकीच्या ठिकाणी थांबली, नेहमीसारखी रेंगाळली. बाबांचे डोळे मिटलेले होते. गाणं संपल्यावर काकांनी अंगठा वर केला.

"गिटार मस्त आली," ते म्हणाले. "चला वहिनी, आता खरं."

आईने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने पाणी प्यायलं, परत गाऊन पाहिलं. घशातून नुसती हवा आली. आम्ही थांबलो, गरम पाण्याच्या वाफा दिल्या, पुन्हा थांबलो. दुपार झाली. शेवटी आईने काचेपलीकडून हात हलवला, नको म्हणून. बाबा गिटार मांडीवर तशीच धरून बसले होते. त्यांना कळलं होतं, मघाचं गाणं कुठेच भरलेलं नव्हतं. मला कळायला क्षणभर जास्त लागला, आणि मग काकांचा विचार न करता मी बटण दाबून बाबांवर ओरडले. "सगळ्या जगाची गाणी भरून दिलीत! हिचं एकच होतं!" बाबांनी गिटार पेटीत ठेवली.

पुढच्या दिवसांतही तो आवाज उघडला नाही. मग ऑपरेशन झालं, नीट झालं. आई घरी आली, गळ्याला श्वासासाठी भोक घेऊन. ताटलीवर चमचा वाजवून आम्हाला बोलवायला शिकली. एकदा वाजवला तर मी, दोनदा वाजवला तर बाबा, आणि सारखा वाजवत राहिली तर दोघांची चूक.

बाबांशी मी कामापुरतंच बोलत होते. राग होताच, पण आता त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. स्टुडिओचा फोन आला की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला बोलवा." गिटारची पेटी कपाटावर गेली. काकांनी त्या दिवशी भरलेली गिटार माझ्या फोनवर पाठवली होती, ती बाबांनी एकदाही ऐकली नाही. आणि एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर बाबा भांडी घासत होते. आई दारात उभी राहून त्यांच्या हातांकडे बघत होती. उजव्या हाताची नखं मुळापासून कापलेली होती.

आईने चमचा घेतला आणि ओट्यावर आपटत सुटली. बाबा दचकून वळले. तिने त्यांचा ओला हात धरून त्यांच्याच डोळ्यांसमोर नाचवला. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "आता काय करायची आहेत नखं?" बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं वाजवलं आणि जे राखायचं तेच हातचं घालवलं. बास झालं."

आईने माझ्याकडे वळून फोनची खूण केली, मग गिटारची. मी बाबांकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. आईने ओट्यावर चमचा सारखा वाजवला. मी लावलं.

नुसती गिटार. सुरुवातीला मला त्यात काही दिसेना, पाहुण्यांना वाटायचं तसंच वाटलं, गाण्याशिवायचं गाणं. मग मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत मध्येच, जिथे थांबायचं नसतं तिथे, गिटार थांबली. आईने तिथे श्वास घेतला, गळ्याच्या भोकातून, मला ऐकू आला. श्वास पुरा झाला आणि गिटार पुढे निघाली. ओळीच्या शेवटी आई रेंगाळली तर गिटारही रेंगाळली. बाबांनी एकाही ठिकाणी तिला घाई केली नव्हती, एकाही ठिकाणी तिची चूक सुधारली नव्हती. तिचं सगळं गाणं त्यात होतं, फक्त आवाज नव्हता. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी भिंतीला टेकून रडत होते.

बाबांनी हात पुसले. स्टूल ओढून कपाटावरून पेटी काढली, तारा लावल्या. नखं नव्हती म्हणून बोटांच्या कातडीनेच छेडलं, आवाज अगदी मऊ आला. आई समोर बसली. आता कानात सोडायला काही नव्हतं, म्हणून सगळा जन्म डोळे मिटून वाजवलेले बाबा डोळे उघडे ठेवून तिच्या ओठांकडे बघत वाजवत होते. दोनदा चुकले. ती थांबायच्या आधीच थांबले.

गाणं संपलं. बाबांनी भीत भीत तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आई अंगठा वर करणार.

तिने हवेत बोट गोल फिरवलं.