वाव्रांचा ट्रक

नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला गव्हाच्या रानात लिबी वाव्रा आणि तिचा धाकटा भाऊ एमिल राहत. दोघंही सत्तरीपुढची. बाबांचा जुना मालट्रक ताशी पंचेचाळीस मैलांच्या पुढे जायचा नाही. तेवढ्यातच इंजिन असं किंचाळायचं की शेजारी बसलेल्याचं बोलणंही कळू नये.

त्या उन्हाळ्यात लिबीने मागच्या अ‍ॅक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, क्राउन-पिनियन, बदलली. आधी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या साडेसहा फेऱ्यांना चाक एकदा फिरे, आता सव्वाचारांनाच. वेग वाढणार म्हणून ब्रेकही नवे घातले.

"वेग आला, पण जोर गेला. भरल्या गव्हानिशी हा टेकडी कसा चढणार?" एमिल कुरकुरला.

"वीस वर्षांत गव्हाचा दाणा तरी भरलायस का त्यात? बस मुकाट्याने."

दुपारी दोघं निघाली. पंचेचाळीस झाले, पंचावन्न झाले, साठ झाले. इंजिन मात्र पोट भरलेल्या मांजरासारखं गुरगुरत होतं. दोन्हीकडची पिवळी रानं पाण्यासारखी मागे वाहत होती. आपण रस्त्यावर नाहीच, कुठेतरी त्याच्या वर तरंगतोय, असं लिबीला वाटलं. खिडकीतून चक्क पाखराची शीळ ऐकू आली.

बऱ्याच वेळाने एमिल म्हणाला, "अठराव्या वर्षी मला ओरेगॉनला नोकरी लागली होती. समुद्राकाठी, मासळीच्या कारखान्यात."

लिबीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल सोडला. "कधी बोलला नाहीस ते!"

"बोललो होतो. याच ट्रकमध्ये, बाबांना. त्यांना ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही बघ."

शेजारच्या वायोमिंग राज्याची पाटी आली आणि मागे पडली, तरी लिबीने ट्रक घराकडे वळवला नाही.

"अगं, कुठे चाललीस?"

"समुद्र किती लांब असेल रे?"

"हजार-बाराशे मैल. वेड लागलंय का तुला? गाई कोण बघणार?"

पुढच्या पंपावर त्याने स्वतःच शेजारच्या ऑर्व्हिलला फोन लावला. "चार दिवस गाई बघ बाबा," असं म्हणाला, आणि मागाहून "आठ म्हण," अशी दुरुस्ती केली.

डोंगरात ट्रक रडतखडत चढला. लिबी खालचा गिअर टाकून त्याला चुचकारत राहिली. चौथ्या दिवशी सकाळी धुक्यात त्यांना समुद्र आधी ऐकू आला, मग दिसला. एमिलने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात जाऊन उभा राहिला.

"गार आहे का?" लिबीने काठावरून विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला, आणि आणखी आत गेला.