अकरा सह्यांचा चेंडू

विषय : सापडलेली वस्तू (चेंडू, चामडी, मोठा, नग एक) मूळ मालकास परत मिळण्याबाबत.

संदर्भ : श्री. कर्टिस, राहणार परदेश, यांचा दि. २ जुलै १९८४ चा अर्ज व त्यानंतरची पाच स्मरणपत्रे.

उपरोक्त नग एक तो मी. रत्नागिरीतल्या एका कार्यालयाच्या कपाटावरून बोलतोय. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून इथंच राहायचं आहे. पाच वर्षं फायलींच्या शेजारात काढल्यामुळे भाषा अशी झाली. मूळचा मी असा नव्हतो.

मूळचा मी अमेरिकेतला, बास्केटबॉल. कातड्याच्या आठ फाका जोडून एका कारखान्यात मला घडवलं. कातडं कुणाचं, ते इथं सांगत नाही. पुढे मी काही दिवस देव्हाऱ्याशेजारी राहिलेलो आहे. कारखान्यातून मी ओहायो नावाच्या राज्यातल्या एका कॉलेजात गेलो. कर्टिस तिथं खेळायचा. साडेसहा फूट उंची आणि बोलणं अगदी कमी. १९७९ साली शेवटच्या सामन्यात शेवटचा गुण त्यानं मला जाळीतून टाकून मिळवला. मग संघातल्या बाकीच्या अकरा जणांनी माझ्या अंगावर सह्या केल्या आणि मला त्याला भेट दिलं. कर्टिसनं स्वतःची सही केली नाही. आपल्याच चेंडूवर कोण सही करतो?

त्या उन्हाळ्यात तिथल्या व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले. दोनशे नावं पुकारली, त्यात त्याचं नव्हतं. घरी परतायची लाज वाटली म्हणून त्यानं बेल्जियममधल्या एका संघाची नोकरी धरली. त्या अकरांपैकी कुणालाही पुन्हा पत्र टाकलं नाही. काय लिहायचं, हा प्रश्न होता.

विमानात चढण्यापूर्वी तो माझी हवा काढी आणि नव्या देशात उतरला की तिथली भरी. बेल्जियममध्ये त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी समोरच्या खुर्चीत मला ठेवून तो जेवायचा. मैदानावर टाळ्या मिळत, पण त्या टाळ्या काही त्याच्याबरोबर खोलीवर येत नसत. तीन वर्षांनी तो आखातातल्या एका क्लबात गेला. तिथं सामानाच्या कोठीवर आत्माराम होता, आपला रत्नागिरीचा. घरापासून लांब राहणारी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात. दोघं एका स्टोव्हवर जेवण करू लागले.

१९८४ च्या वसंतात कर्टिसचा गुडघा दुखावला आणि क्लबानं करार संपवला. पोर्तुगालातला एक संघ मेअखेरीस त्याची चाचणी घेणार होता. मधले तीन आठवडे जायचं कुठं? आत्माराम रजेवर निघाला होता. तो म्हणाला, आंबे खायला चल.

अशा रीतीनं मी रत्नागिरीत आलो. कर्टिसनं माझ्यात इथली हवा भरली, सायकलच्या दुकानातल्या पंपानं. इथली तांबडी माती आणि माझा रंग जवळजवळ एकच. घरी आल्यासारखं मला इथंच पहिल्यांदा वाटलं. कर्टिसला आत्मारामच्या घरातल्या सगळ्या चौकटी कपाळाला लागल्या. रात्री त्याचे पाय खाटेबाहेर राहत, म्हणून खाटेला एक बाकडं जोडलं होतं. संध्याकाळी मैदानातल्या एकुलत्या एका कडीखाली तो एकटा सराव करी आणि सारं गाव कठड्यावर बसून त्याला बघे. एका पेन्शनर गृहस्थांनी आत्मारामकडून सगळी चौकशी करून घेतली. खेळायचा पगार मिळतो हे त्यांनी मान्य केलं, पण पेन्शन नाही म्हटल्यावर मान हलवली. मग ती नोकरी कसली?

आत्मारामची आई सगुणाबाई. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि कर्टिसला मराठी. तरी ती त्याला वाढता वाढता बोलत असे. एकदा तिनं मला उचलून पदरानं पुसलं आणि विचारलं, "आवशीपासून इतक्या लांब गेलास बाबा, ह्यो बॉल उडवायला?"

आत्मारामनं ते इंग्रजीत सांगितलं. कर्टिस हसला नाही. त्यानं माझ्यावरच्या सह्या एकेक करून बोटानं दाखवल्या आणि सगुणाबाईला अकरा नावं सांगितली. डॅरिल या नावावर थोडा थांबला. मैदानात मला त्याच्याकडे नेमका टाकणारा तो डॅरिल. त्या दिवसापासून सगुणाबाईनं मला देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

निघायच्या दिवशी घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान होतं. स्टँडवर ही गर्दी. आत्माराम म्हणाला, खिडकीतून काहीतरी टाकून जागा धर. इथं रुमाल टाकतात, पिशवी टाकतात. कर्टिसच्या हातात मी होतो. त्यानं मला सीटवर नीट ठेवलं आणि आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "जागा धर हं."

जागा धरल्यावर चहा घ्यायला हरकत नसते, असा इथला समज आहे. दोघं चहाला गेले. गाडी हलली. ती राजापूरची होती. घाईत आत्मारामनं पाटी वाचली नव्हती.

माझं काम मी चोख केलं. लांज्यापर्यंत लोक दाटीवाटीनं उभे होते, पण माझ्या जागेवर कुणी बसलं नाही. इतका मोठा चेंडू म्हणजे मालकही तसाच असणार, असा हिशेब असावा. लांज्याला काजूची पाटी घेतलेली एक बाई चढली. तिनं मला मांडीवर घेतलं आणि बसली. राजापूरला उतरताना तिनं मला कंडक्टरच्या हाती दिलं. तिसऱ्या दिवशी मी रत्नागिरीत, या कार्यालयात जमा झालो. तोवर कर्टिसचं विमान गेलं होतं.

आत्माराम लगेच मला न्यायला आला. इथले कारकून राजाभाऊ वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी चष्मा लावून मला चारी बाजूंनी फिरवलं.

"आत्माराम, अकरा सह्या आहेत. तुझ्या पाहुण्याची यातली कुठली?"

"त्याची नाहीच. ह्यांनी त्याला भेट दिला."

"भेटीचा कागद?"

"चेंडूचा कसला कागद, राजाभाऊ?"

"म्हणजे नावं अकरांची आणि ताबा बाराव्याचा. अरे, आमच्या काजूच्या बागेत हेच झालंय. अकरांची ना-हरकत आण, या हातानं देतो."

दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस हसला असता. आत्मारामला ते पटलं. त्याच्या घरच्या आंब्याच्या कलमांवर सतरा नावं होती आणि एकाला राग आला की त्या वर्षी आंबे उतरत नाहीत. त्यानं कर्टिसला सविस्तर कळवलं, की घाबरण्याचं कारण नाही, फक्त सहहिस्सेदारांच्या संमती लागतील.

कर्टिसनं तेही मुकाट्यानं मानलं. पोर्तुगालात त्याची निवड झाली होती, पण गुडघा पूर्वीसारखा नव्हता. पुढच्या वर्षी खालच्या गटात, मग फिनलंडमध्ये शाळकरी पोरांना शिकवायला. पाच वर्षं न लिहिलेली पत्रं त्यानं पोर्तुगालातच लिहायला घेतली होती, फिनलंडच्या लांबलचक रात्रींत ती वाढत गेली. सुरुवातीला फक्त सही मागायला. उत्तरं मात्र चार-चार पानी आली, असं आत्माराम सांगतो. दर मे महिन्यात तो रजेवर येई आणि स्मरणपत्रासोबत आलेल्या संमती खिडकीत देई. पहिल्या वर्षी चार, मग तीन, मग दोन, गेल्या वर्षी एक. राजाभाऊ पाकिटांवरची परदेशी तिकिटं अलगद सोडवून घेत आणि कागद फायलीला लावत. दहा झाल्या. राहिला डॅरिल.

या मे महिन्यात आत्माराम आला तेव्हा त्याच्या हातात डॅरिलच्या आईचं पत्र होतं. उभ्या उभ्याच त्यानं राजाभाऊंना मराठीत सांगितलं. डॅरिल १९८३ मध्येच गेला, मोटारीच्या अपघातात. कर्टिसचा पत्ता कुणाकडे नव्हता, म्हणून त्याला कळवता आलं नाही. आई लिहिते, चेंडू कर्टिसचाच. माझा मुलगा तो नेहमी कर्टिसकडेच टाकायचा.

राजाभाऊ उठले. मग खुर्चीवर चढून त्यांनी मला खाली काढलं आणि, माझ्या पाच वर्षांच्या मुक्कामात पहिल्यांदाच, जमिनीवर आपटलं. मी उसळलो नाही. पडलो तिथं राहिलो. इथं भरलेली हवा इथंच गेली होती.

"हवा गेली रे," ते म्हणाले.

"त्याला तसाच चालेल," आत्माराम म्हणाला.

"चालेल. पण मयताचे वारस लागायला हवेत. आईच्या नावानं दाखला मागव. मी जून अखेर निवृत्त होतोय, त्याआधी वर शिफारस करून ठेवतो."

त्यांनी शिफारस केली, हे मी पाहिलं आहे. अक्षर चांगलं होतं. वस्तूची स्थिती या सदरात त्यांनी 'हवा नाही' असं लिहिलं आणि मला परत कपाटावर ठेवताना सह्यांची बाजू वर केली.

वाचकांपैकी कुणी फिनलंडकडे जाणार असेल, तर कर्टिसला एवढं कळवावं. तू सांगितलेलं काम चालू आहे. मी जागा धरून आहे.

सद्यस्थिती : वारसाच्या दाखल्यासाठीचं पत्र दि. १९ जून १९८९ रोजी रवाना. उत्तर अप्राप्त. राजाभाऊंच्या खुर्चीवर अद्याप नेमणूक नाही. अर्ज प्रलंबित.