पाणाड्याची लेक

लोधिवलीत कुणाला बोअर मारायची झाली की पाणाड्या हिरामणला बोलावणं जायचं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतभर फिरायचा आणि नारळ उभा राहिला की पाय आपटून म्हणायचा, "हितंच मारा." पाणी लागलं तर ती हिरामणची विद्या. नाही लागलं तर बोअरगाडीवाल्याने खोल मारलं नाही, मालकाने देवाला मान दिला नाही, नाहीतर कुणीतरी मध्येच शिंकलं. गेल्या वर्षी नवीन नावाच्या शेतकऱ्याच्या बोअरमधून नुसता धुरळा उडाला, तेव्हापासून मात्र लोक त्याला पाहून गालातल्या गालात हसू लागले.

अशात त्याच्या लेकीने, सुरभीने, पार दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ शोधली. ती पुण्याला संशोधन करायची. हिरामणला ग्रह कळला नाही, पण पाणी कळलं. "आता हसा म्हणावं!" असं तो दिसेल त्याला ऐकवत सुटला. गावाने सत्कार ठरवला, नाक्यावर फ्लेक्स लागला आणि त्यावर लेकीपेक्षा बापाचा फोटो मोठा निघाला.

सत्काराला निघताना सुरभी चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, ते पाणी तिथलं नाही. आपलंच आहे."

"आपलं म्हंजे?"

"ग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. तिथं वाफ असेल तर त्यातले ठरावीक रंग कमी होतात. पण तोच उजेड शेवटी आपल्या हवेतूनही येतो, आणि वाफ इथंही आहेच की. ती मी नीट वजा केली नव्हती."

हिरामणने दाराबाहेर डोकावून पाहिलं. "गावात कुणाला ठाव हाय?"

"फक्त तुम्हाला."

"मग झालं तर! शाल घे, गप बस, काय सांगायचं ते पुण्याला जाऊन सांग. तेवढ्या लांब कोण बघाया जातंय गं?"

सुरभीने शाल घेतली, माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. वर म्हणाली, "चूक माझी आहे. पुन्हा मोजणार." मंडपात कुजबुज सुरू झाली. हिरामणला तिथून पळून जावंसं वाटलं, पण त्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर नवीन सरळ सुरभीपुढे येऊन उभा राहिला. "मला दुसरी बोअर मारायचीय. जागा दावाया तू ये."

"नवीनदादा, मला जमिनीतलं काही कळत नाही. आणि चुकले म्हणून आत्ताच सांगितलं ना?"

"म्हणून तर बोलावतोय. तुजा बाप एकदा तरी बोलला का, चुकलो म्हणून?"

हिरामण शेजारीच उभा होता. त्याला आधी सणसणीत राग आला, मग लेकीकडे पाहून लाज वाटली.

"तिला नको नेऊस रं, मीच येतो," तो म्हणाला. "पाणी नाय लागलं तर गाडीवाल्यादेखत सांगीन, हिरामण चुकला."

नवीनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आनि मागच्या वक्ताचं?"

हिरामणने आजूबाजूला पाहिलं. माणसं अजून पांगली नव्हती.

"ती चूक बी माजीच," तो म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.