मागच्या सीटवरचे न दिसलेले गृहस्थ

नुआकशोत शहरात गाडी चालवायची तर रस्ता कुठे संपतो आणि वाळवंट कुठे सुरू होतं याचा फार विचार करायचा नाही, एवढं अन्सुमानाला पहिल्याच दिवशी कळलं. बाकी काही कळलं नाही. तो सेनेगलच्या दक्षिण टोकाकडून, झिगिनशॉरहून आलेला. तिथे भाताची खाचरं आणि अंगणापर्यंत येणारी खाडी. इथे बकऱ्या भर चौकात पुठ्ठा चघळत उभ्या असत, आणि त्यांची तब्येत त्याच्यापेक्षा बरी दिसे.

कापडाचे ठोक व्यापारी सिदाती यांनी त्याला आठवडाभराच्या बोलीवर ड्रायव्हर म्हणून ठेवलं होतं. पसंत पडला तर कायम, नाहीतर परतीची वाट. थोरल्या भावाशी भांडून तो घरातून निघाला होता, त्यामुळे परत जाणं म्हणजे उरलेला जन्म टोमणे ऐकणं. नोकरी टिकवायला तो वाटेल ते करायला तयार होता. फक्त काय करायचं, ते कोणी सांगत नव्हतं.

लाल दिव्याला थांबला, तर मालकांनी काळजीने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मग रस्त्याच्या कडेला एका बाईने हात दाखवला आणि हा सरळ पुढे गेला. तेव्हा मात्र सिदाती मागून कडाडले.

"गाडीत जागा असताना माणसाला उन्हात उभं ठेवतोस? कुठल्या रानातून आलास रे?"

"पण मालक, ही तर तुमची स्वतःची गाडी."

"मग? ऊन काय माझ्या मालकीचं आहे?"

तेव्हापासून हात दिसला की अन्सुमाना ब्रेक दाबू लागला. एक मावशी मेंढा घेऊन चढल्या, मेंढा मालकांच्या मांडीवर टेकला, तरी मालकांनी हूं की चूं केलं नाही. आपण शिकतोय, असं त्याला वाटायला लागलं. माणूस फसतो तो नेमका इथेच.

गुरुवारी बाजाराच्या वाटेवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काठी उंचावली. पांढरी दाढी, निळा झगा, चेहऱ्यावर दरारा. अन्सुमानाने मोठ्या अदबीने गाडी अगदी त्यांच्या पायांशी उभी केली.

मागून गुदमरल्यासारखा आवाज आला. आरशात पाहतो तर सिदाती मुंडाशाचं टोक डोळ्यांपर्यंत ओढून घेताहेत. पलीकडचं दार उघडलं, आणि कापडबाजारातलं ते बडं प्रस्थ दोन्ही हातांनी झगा सावरत विटांच्या ढिगाऱ्यामागे दिसेनासं झालं. एक चप्पल मात्र गाडीतच राहिली.

म्हातारबाबा शांतपणे मागे बसले. काठीच्या टोकाने त्यांनी चप्पल बाजूला सारली.

"उंटिणीचं दूध मिळतं तिकडे घे."

"आजोबा, माझे मालक आत्ता..."

"कोण मालक?"

"आत्ता इथे बसले होते ते."

"मी कोणाला पाहिलं नाही. तू पाहिलंस?"

"हो तर!"

"मी नाही पाहिलं," बाबा ठामपणे म्हणाले.

बिचारे आंधळे असावेत, असं अन्सुमानाला वाटलं. इतक्यात बाबा खेकसले, "थांबव! त्या तिसऱ्या तंबूपाशी बेशीर बसलाय, माझी चिलीम ओढतोय लबाड!" तो तंबू अन्सुमानाला नीट दिसतही नव्हता. मग हे गुप्त पोलिसांतले असतील का? की मालकांचे हाडवैरी? बाबांचं दूध पिऊन झालं, बेशीरशी भांडण झालं, पुतणीकडचा चहा झाला. अन्सुमाना मात्र स्टिअरिंग धरून एकच विचार करत होता: मालक तापल्या वाळूत एका चपलेवर फिरताहेत आणि आपली नोकरी त्यांच्या दुसऱ्या पायाखाली भाजतेय.

घरी पोचला तेव्हा सिदाती अंगणात पाय भिजवत बसले होते.

"काय म्हणाले?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"ते."

"ते म्हणजे? नाव काय त्यांचं?"

सिदातींनी कानांवर हात ठेवले. त्यांची बायको तेस्लेम हसत हसत बाहेर आली. "अरे, ते माझे वडील! जावई कधी सासऱ्यापुढे तोंड दाखवतो का? नाव घेतो का? तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडे जावई सासऱ्याच्या शेतात भात लावतो, बाईसाहेब. सासरा बांधावर उभा राहून चुका काढतो."

"समोर उभा राहून?" सिदातींच्या अंगावर शहारा आला.

"बाबांचा फोन आला होता," तेस्लेम म्हणाली. "ड्रायव्हर गुणी आहे म्हणाले. मालकाला काही त्यांनी पाहिलेलं नाही. पण जो कोणी होता तो घरंदाज असावा, म्हणाले. फार सुरेख पळाला."

सिदातींचा चेहरा उजळला. एवढी स्तुती त्यांच्या वाट्याला लग्नापासून आली नव्हती. त्यांनी अन्सुमानाला कायम करून टाकलं.

"मालक, पुन्हा त्यांनी काठी उंचावली तर थांबू की नको?"

"थांबायचं म्हणजे थांबायचंच! म्हाताऱ्या माणसाला उन्हात ठेवलंस तर त्याच दिवशी घरी पाठवीन."

"आणि तुम्ही गाडीत असाल तर?"

"मी आत असताना थांबलास, तरीही घरी पाठवीन."

अन्सुमानाने मान डोलावली. काही कळलं नव्हतं. पण आता ते न कळणं पगारी होतं.